काचेखालची दोन भोकं

पावसाळ्यात टोचन करून आणलेल्या गाडीच्या मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. गाडी पाण्यातून काढलीच नाही. मी अजून बोनेटला हात लावलेला नसतो, काही विचारलेलं नसतं, तरी माणूस आधी शपथ घेऊन मोकळा होतो. नाल्याला पूर होता तेव्हा मी अलीकडेच थांबलो होतो, गाडी रात्रभर अंगणातच उभी होती, मी तर ओली छत्रीसुद्धा गाडीत ठेवत नाही, असं एकामागून एक सुरू होतं. आणि वैताग असा की बहुतेक लोक खरं बोलत असतात. गाडी खरंच अंगणात उभी असते आणि उभ्या उभ्याच तिच्या इंजिनात पाणी शिरलेलं असतं. हे पटवून देण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं आणि उरलेलं निम्मं त्याच माणसांना तीच गोष्ट पुढच्या पावसाळ्यात नव्यानं सांगण्यात गेलं.

माझं गॅरेज वरठीला आहे, स्टेशनकडून कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पाळीवर जाणाऱ्या कामगारांच्या मोटारसायकली दुरुस्त करता करता चारचाकीवर हात बसला. आता गुडघे साथ देत नाहीत. गाडीखाली शिरलो तर मला बाहेर ओढायला माणूस लागतो. म्हणून काम पुतण्या बघतो आणि मी दारात खुर्ची टाकून बोलायचं काम करतो. बायको म्हणते, तुम्ही उन्हाळाभर बरे असता आणि पाऊस लागला की घरात कुणाला बसू देत नाही. तिचं म्हणणं खोटं नाही. दिवाळीच्या अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा असं अंकवाल्यांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, चला, निदान एकदा तरी कुणी मध्येच न तोडता माझं ऐकून घेईल.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. इंजिन नुसतं भिजलं म्हणून बिघडत नाही. पाणी नको त्या जागी गेलं म्हणजे बिघडतं. एक तर प्लग जिथे बसतात त्या खोलगट जागेत पाणी साचलं की गाडी झटके मारायला लागते. दुसरं, वायरींच्या जोडात आणि फ्यूजच्या डब्यात ओल गेली की हॉर्न दाबल्यावर वायपर फिरतो, किंवा काहीच होत नाही. आणि तिसरं सगळ्यात वाईट. इंजिन श्वास घेतं. त्याच्या हवा ओढायच्या नळीत पाणी गेलं, तर ते पिस्टनच्या वर जाऊन बसतं. पिस्टन वर येताना हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग कुणाला तरी हार मानावी लागते आणि आतला लोखंडी रॉड वाकतो. तिथून पुढे सगळं इंजिन उघडून टेबलावर मांडावं लागतं.

अशा गाडीला पुन्हा पुन्हा सेल मारणं, म्हणजे किल्ली फिरवून ती चालू करायला बघणं, हा सगळ्यात घातक उपाय आणि आमच्याकडचा सगळ्यात आवडता. इथली पिढीच्या पिढी शेतावरच्या डिझेल पंपावर आणि ट्रॅक्टरवर वाढली. ती यंत्रं रुसली की त्यांच्याशी झटापट करायची असते, थोड्या वेळानं ती ऐकतात. गाडी तशी ऐकत नाही हे मी ओरडून ओरडून सांगतो. लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन सेल मारतात.

आता हे पाणी येतं कुठून? समोरच्या काचेच्या खाली, वायपर जिथे बसवलेले असतात, तिथे एक काळी जाळी असते. काचेवरून घसरलेलं सगळं पाणी त्या जाळीतून खाली जातं. तिच्याखाली पत्र्याची पन्हळ असते आणि पन्हळीच्या दोन टोकांना दोन भोकं असतात. त्यातून पाणी पुढच्या चाकामागे जमिनीवर पडतं. इतकं साधं प्रकरण आहे. ही दोन भोकं मोकळी असली की पाऊस कितीही पडो, इंजिन सुखरूप. ती बुजली की पन्हळ भरते आणि भरलेली पन्हळ इंजिनावर सांडते. गाडीतलं गाणं पायानं कसं बदलता येईल इथपर्यंत चौकशी करणाऱ्या माणसाला ही भोकं कुठे आहेत विचारा. तो तुम्हालाच वेड्यात काढेल.

भोकं कशानं बुजतील याला तर हिशेबच नाही. चिखल्याहून खाणीच्या कामावरच्या गाड्या येतात, त्यांच्या पन्हळीत मँगनीजची काळी धूळ बसलेली असते आणि पहिल्या सरीला तिचा असा लगदा होतो की खरवडायला पेचकस लागतो. एका धान्याच्या व्यापाऱ्यानं गाडीच्या टपावर धानाची पोती वाहिली. पोती गळकी होती, दाणे जाळीत पडले, पाऊस झाला आणि पन्हळीत हिरवेगार परे उगवले, रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, वेळी लागतात तशी रोपं. त्यानं गाडी दुरुस्तीला आणली तेव्हा परे उपटायच्या आधी त्यांचा फोटो काढायला लावला आणि चारचौघांत सांगत बसला की बघा, माझ्या गाडीलाही रोवणा लागतो. फ्यूजचा डबा पार सडला होता, पण माणूस खूश. दसऱ्याला पूजेसाठी इंजिनात पाइप सोडून आंघोळ घालणारे तर दरवर्षीचेच. सकाळी झेंडूची माळ घालतात, दुपारी माळेसकट गाडी ओढत माझ्या दारात आणतात.

या सगळ्यांवर मी चिडलो आणि विसरलो. एका गाडीचं मात्र विसरता आलं नाही. तिच्यावर मी जेवढा चिडलो तेवढा कुणावर चिडलो नसेन.

ती गाडी आंधळगावच्या रेवारामजींची. वयानं माझ्याहून मोठे, बोलणं कमी, आणि धानाच्या शेतीत असा हात की गावातले लोक त्यांना विचारून बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी सोडत. त्यांच्या पत्नी भागरथाबाई. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा भंडाऱ्याला जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागत होतं. सुरुवातीला एसटीनं गेले. पण येताना बाईंना उभंही राहवत नसे. म्हणून पुण्याच्या मुलानं जुनी गाडी घेऊन पाठवली. ट्रॅक्टर चालवणाऱ्या रेवारामजींनी ती शिकून घेतली आणि शेवटपर्यंत ती ट्रॅक्टरसारखीच चालवली. गाडी फक्त एका कामासाठी होती. ती बंद पडली तर बाईंची मशीनवरची पाळी चुकणार आणि एक पाळी चुकली तर पाय सुजून श्वास लागायला सुरुवात होणार. हे पहिल्याच भेटीत रेवारामजींनी मला सांगितलं होतं. काही विनवणी केली नाही, नुसतं सांगितलं.

पहिल्या वेळी गाडी झटके मारत कशीबशी माझ्या दारापर्यंत आली होती. तेव्हा ते भंडाऱ्याहून परतत होते म्हणून निभावलं. प्लगच्या जागेत पाणी होतं. पन्हळ पाहिली तर दोन्ही भोकं मातीनं बंद. मला वाटलं, रस्त्याचा चिखल उडाला असेल. मी माती काढली, प्लग सुकवले, गाडी कुठे उभी असते ते विचारलं. तर या सद्गृहस्थांनी गाडीसाठी टिनाचं छप्पर बांधलं होतं आणि ते हातभर आखूड होतं. गाडीचा मागचा भाग कोरडा आणि छपराची सगळी धार बरोबर काचेवर. उघड्यावर ठेवली असती तर निम्मंही पाणी लागलं नसतं. मी म्हटलं, गाडी मागे घ्या. ते म्हणाले, मागे तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, ढीग आहे. मी म्हटलं, मग ढीग हलवा. ते म्हणाले, रोवणा आटोपला की पाहतो. मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या वेळी फ्यूजचा डबा गेला. पुन्हा भोकं बंद. या वेळी माती बोटांनी फोडून पाहिली तर तिच्यात धानाचा कोंडा मळलेला होता, भिंत लिंपताना मळतात तसा. रस्त्याचा चिखल काही कोंडा मळून येत नाही. म्हणजे हे कुणीतरी हातानं केलेलं होतं. माझं डोकं सणकलं. मशीनवरून थकून आलेल्या भागरथाबाई आत बाकावर भिंतीला टेकून गाढ झोपल्या होत्या, मी दारात रेवारामजींसमोर तो गोळा धरला आणि विचारलं, हे काय आहे? त्यांनी गोळ्याकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मीच लावलो जी. पाणी गळून राहिलं होतं."

मला त्यांचं म्हणणं कळलं नाही असं नाही. आमच्याकडे धान म्हणजे साठवलेलं पाणी. बांधीच्या धुऱ्याला, मातीच्या बांधाला, खेकड्यानं एक भोक पाडलं तर सकाळपर्यंत बांधी कोरडी होते आणि पीक हातचं जातं. इथल्या माणसाला लहानपणापासून एकच शिकवलेलं असतं की गळतं भोक दिसलं की आधी माती दाब, मग दुसरं बोल. पाहुणे म्हणून दुसऱ्याच्या शेतातून जाताना भोक दिसलं तरी लोक चप्पल काढून खाली बसतात आणि ते बुजवतात. पण गाडी म्हणजे बांधी नव्हे. तिच्यात पाणी साठवायचं नाही, घालवायचं आहे. हे मी रेवारामजींना इतक्या मोठ्यानं सांगितलं की रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला थांबून ऐकू लागला. ते मान खाली घालून ऐकत राहिले. उत्तर दिलं असतं तर माझा राग तरी उतरला असता.

पुन्हा चूक होऊ नये म्हणून मी एक शहाणपणा केला. पुतण्याकडून लाल ऑइलपेंट मागवला आणि दोन्ही भोकांभोवती ठळक गोल काढून दिले. रेवारामजींना सांगितलं, या गोलांना हात लावायचा नाही. ते बरं म्हणाले.

मग श्रावणात तो दिवस आला. सकाळपासून धो धो पाऊस होता. मोहाडीच्या अलीकडे गाडी बंद पडली आणि रेवारामजींचा फोन आला. त्यांच्या आवाजावरूनच मला कळलं. सेल मारली का विचारलं. ते म्हणाले, ठक् असा आवाज झाला, मग काहीच नाही. तो आवाज काय असतो हे मला फोनवरही दिसतं. मी माझी जुनी व्हॅन काढली आणि गेलो. बोनेट उघडलं, हवेच्या नळीचा डबा उघडला तर आतला फिल्टर पाण्यात तरंगत होता. भोकांपाशी हात घातला. लाल गोल दिसत नव्हते. दोन्ही भोकांत लुगड्याच्या धडप्याचे बोळे ठासून बसवले होते आणि वरून मातीचा लेप होता, अंगठ्यानं दाबून कडेनं गुळगुळीत केलेला. काम करणाऱ्याच्या हाताला दाद द्यावी असं ते बुजवणं होतं. मला रडू येईल इतका संताप आला.

गाडी तिथेच सोडून मी दोघांना व्हॅनमध्ये घेतलं. बाई पुढे, रेवारामजी मागे. भंडाऱ्याला त्यांच्या वेळेची पाळी निघून चालली होती आणि काचेतून समोरचं धड दिसत नव्हतं. त्याही परिस्थितीत माझं तोंड काही बंद होईना. वरठी येईपर्यंत मी रेवारामजींना बोलत होतो. तुम्हाला किती वेळा सांगितलं, लाल रंग लावून दिला, लहान पोरालाही कळलं असतं, आता रॉड वाकला, इंजिन खोलावं लागेल, आठ-पंधरा दिवस गाडी नाही, मग बाईंना कसं नेणार? त्यांच्या त्या गप्प बसण्यानं मी आणखीच भडकत होतो.

वरठीचं फाटक ओलांडलं आणि भागरथाबाई बोलल्या. आवाज बारीक होता, पण स्पष्ट होता.

"यायले काहून बोलून राहिले, भाऊ? यायनं नाही केलं. भोकं मी बुजवली."

मी गाडी हळू केली. त्या समोरच पाहत होत्या. म्हणाल्या, दवाखान्यातून आलं की दिवसभर ओसरीत पडून असते. रोवण्याले जाणं बंद झालं, हाताला सुया टोचतात म्हणून घागर उचलणं बंद झालं. पाऊस थांबतो आणि ती गाडी आपली गळत राहते, टपटप, टपटप. "मले वाटलं, फुटली का काय. ही गाडी गेली त मी कशी जाईन भंडाऱ्याले? म्हणून बुजवत होती. पण माती टिकेच ना. सकाळी पाहाव त भोक खुल्लं. मंग कोंडा घातली, तरी तेच. तुमी लाल निशाणी करून देली, मले वाटलं मिस्त्रीनंच दाखवलं का इथं पक्कं कर म्हणून. मंग धडपा ठासली."

माझ्या लाल रंगाची अशी वाट लागली होती. मी आरशात रेवारामजींकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते. माती टिकत नव्हती म्हणजे काय, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी विचारलं, रेवारामजी, सकाळी तुम्ही काढून टाकत होता ना? त्यांनी मान हलवली. रोज पहाटे बाई उठायच्या आधी ते भोकं मोकळी करत होते. आज पाऊस फार होता, निघायची घाई होती, मागच्या वेळेसारखंच तेवढं राहून गेलं.

"मंग मले सांगतलं काहून नाही?" बाईंनी मागे न वळता विचारलं.

मग ते म्हणाले, "तुले सगळेच नाही म्हणतात. हे खाऊ नोको, ते उचलू नोको. मी अजून काय म्हणू?"

मी गाडी चालवणारा माणूस, मला रस्त्याकडे बघणं भाग होतं, ते बरं झालं. एक बाई आपली गाडी वाचावी म्हणून रोज भोक बुजवत होती. तिचा नवरा तिला दुखवायचं नाही म्हणून रोज ते गुपचूप उघडत होता. उघडलेलं दिसलं की ती अधिक घट्ट बुजवत होती. आणि मी शहाणा मधे उभा राहून भलत्यालाच झापत होतो. दोघं एकमेकांशी एकदा बोलले असते तर एक अख्खं इंजिन वाचलं असतं. मला राग आला होता, पण तो आता कुणावर काढायचा हे समजत नव्हतं.

थोड्या वेळानं बाईंनी मला विचारलं, ते पाणी निघायचंच असते काय? मी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं. वरून आलेलं पाणी त्या भोकांतून निघून गेलं पाहिजे. ते गळणं नाही, ती त्याची वाट आहे. वाट बंद झाली की पाणी आत चढतं आणि इंजिनाचा श्वास बंद होतो. त्या ऐकत होत्या. मांडीवर ठेवलेल्या आपल्या हातांकडे पाहत होत्या, हात सुजले होते.

"म्हणजे माह्यावानीच झालं त," त्या म्हणाल्या. "माह्याही अंगातलं पाणी निघत नाही. म्हणूनच त मशीनवर टाकतात. पाणी निघालं नाही का मले श्वास नाही घेता येत."

मागून रेवारामजी पुढे सरकले आणि त्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. रस्त्याकडेचा नाला दोन्ही काठ भरून चालला होता.

दवाखान्यात पाळी उलटून गेली होती. पण तिथल्या नर्सबाईंनी भागरथाबाईंचे पाय पाहिले, कुणाकुणाशी बोलल्या आणि संध्याकाळच्या मशीनवर त्यांना घेतलं. मी आणि रेवारामजी बाहेर व्हरांड्यात बसलो. मी त्यांना म्हटलं, माझं बोलणं जरा जास्तच झालं. ते म्हणाले, चालते जी, तुमी गाडीले बोलत होते. मी चहा आणायला उठलो.

इंजिन उतरवलं. रॉड वाकलाच होता. पुतण्यानं ते काम मन लावून केलं आणि मी त्याच्या मागे उभा राहून त्याला वैताग आणला. गाडी तयार होईपर्यंत माझीच व्हॅन आंधळगावला जात होती, कधी मी न्यायचो, कधी पुतण्या. त्या फेऱ्यांमध्ये तणसाचा ढीग हललेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि आखूड छपराला एक पत्रा जोडलेलाही पाहिला. एवढं होण्यासाठी एक इंजिन मोडावं लागलं, याचं मला अजूनही वाईट वाटतं. लोकांना पावसाआधी काही पटतच नाही.

गाडी परत नेल्यावर पहिल्यांदा ते भंडाऱ्याला निघाले, तेव्हा वरठीत माझ्या दारात थांबले. रात्री पाऊस होऊन गेला होता, आता ऊन पडलं होतं. मला वाटलं पुन्हा काही झालं आणि मी खुर्चीतूनच ओरडायच्या तयारीत उठलो. भागरथाबाई हळूहळू उतरल्या आणि पुतण्याला म्हणाल्या, तांब्याभर पाणी दे. त्यानं माठातलं थंड पाणी आणून दिलं. रेवारामजी घाईनं पुढे झाले, कारण बाईंना दिवसभरात पाणी मोजूनच प्यायचं असे आणि एवढा तांब्या त्यांनी प्यायला तर चालणार नव्हतं.

बाईंनी त्यांना हातानं थांबवलं. सुया टोचत नव्हत्या त्या हातानं तांब्या उचलला आणि काचेवर ओतायला सुरुवात केली, सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. रेवारामजी म्हणाले, उशीर होऊन राहिला. त्यांनी ऐकलं नाही. मग गाडीला धरून वाकल्या आणि चाकामागे पाहत राहिल्या. तिथे धार लागली. मग नवऱ्याचा दंड धरून पलीकडे गेल्या, तिकडेही वाकल्या. तिकडे पाणी यायला थोडा वेळ लागला. दिवसाकाठी त्यांना जेवढं पाणी मिळत होतं, त्याहून जास्त त्यांनी काचेवर ओतलं होतं आणि त्यातला एक थेंब त्यांनी ओठाला लावला नव्हता.

"निघालं," त्या म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.